झोक्याला भिणारी थाळी

भांडीकुंडी माणसांशी मोकळेपणाने बोलत, त्या काळची ही गोष्ट. समुद्रकाठच्या एका शाळेत लोखंडी थाळ्यांचा वाद्यवृंद होता. तेलाच्या पिंपांचे तळ ठोकून ठोकून त्या थाळ्या बनवलेल्या होत्या. प्रत्येक थाळी दोन दोऱ्यांनी स्टँडला टांगलेली असे आणि मुलं रबर लावलेल्या काठ्यांनी ती वाजवत.

त्यातली एक थाळी नवी होती. पिंप असताना तिने सारा जन्म बंदराच्या धक्क्यावर घट्ट बसून काढला होता. आता अधांतरी लटकायचं म्हटल्यावर तिला कापरंच भरलं. "केतकी, मला बाकावर ठेव गं," तिने आपल्याला वाजवणाऱ्या मुलीला विनवलं. केतकीने ठेवलं.

तालीम सुरू झाली. बाकीच्या थाळ्या किणकिणल्या, ही मात्र नुसतीच थप थप.

"संमेलन परवावर आलंय," बाई म्हणाल्या. "हिला अडगळीत ठेवू या."

थाळी रडकुंडीला आली. "माझ्यात सूरच नाहीत का हो, आक्का?"

शेजारची जुनी थाळी हसली. "आहेत की. पण तू बाकाला अशी धरून बसलीस, तर ते बाहेर पडणार कसे?"

थाळीने डोळे गच्च मिटले. "टांग मला, केतकी."

दोऱ्या ताणल्या, थाळी झुलली आणि भीतीने थरथरली. तेवढ्यात केतकीची काठी पडली, आणि ती थरथरच गोड सूर होऊन वर्गभर पसरली. मुलांचे पाय आपोआप नाचू लागले.

तालीम संपल्यावर केतकी तिला उतरवायला आली.

"राहू दे गं," थाळी म्हणाली. "अजून थोडे झोके घेते."