चिंगीचा घास आणि अळणी आमटी

मांडी घातली का? हात मांडीवर? पाय कोण हलवतंय? बरं, हलवा. पण कान इकडे द्या.

समुद्राजवळ एक मिठागर होतं. तिथे मीठ पिकायचं. पांढरंशुभ्र मीठ! मिठाच्या राशीच राशी! मिठागराजवळ एक घर होतं. घरात राहायचे जोमाआजोबा आणि हिराआजी.

आणि मोरीच्या बिळात राहायची चिंगी. चिंगी म्हणजे चिचुंद्री. डोळे एवढेसे. नाक एवढं लांब! चालायची कशी? तुरुतुरु तुरुतुरु. बोलायची कशी? चिक् चिक्, चिक् चिक्.

जोमाआजोबा जेवायला बसायचे. पहिला घास कालवायचे. तो घास कुणाचा? आजोबांचा? नाही! तो ताटाबाहेर ठेवायचे. तो चिंगीचा. चिंगी यायची तुरुतुरु. घास खायची मटामट. मगच आजोबा जेवायचे. रोज असंच. एक दिवस चुकायचं नाही.

पण आजोबांना मीठ लागायचं फार! पेरूवर मीठ. काकडीवर मीठ. ताकात मीठ. आमटीत मीठ, वर ताटात मीठ. मूठ मूठ मीठ!

मग काय झालं? आजोबांचे पाय सुजले. टम्म!

डॉक्टरबाई आल्या. आजोबांच्या दंडाला पट्टा बांधला. फुस्स फुस्स फुस्स! डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजोबा, मीठ कमी करा. आता चिमूटभरच. पथ्य पाळा."

हिराआजींनी ऐकलं "पथ्य". आजी घाबरल्या. त्यांनी मीठ कमी केलं. आणि लसूण बंद केला. लिंबू बंद केलं. नारळ बंद केला. कोथिंबीर बंद केली. सगळंच बंद! नुसती डाळ उकळली, हळद टाकली, चिमूटभर मीठ टाकलं. झाली आमटी!

आजोबांनी आमटी बोटाने चाखली. तोंड वाकडं केलं.

"अळणी! अळणी! मी नाही जेवणार!"

ताट सरकवलं. सर्रर्र! आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

(हसू नका. दोडक्याची भाजी बघून तुम्ही काय करता? माहितीये मला.)

आजोबा जेवले नाहीत. मग चिंगीचा घास? चिंगीला घास नाही! चिंगी उपाशी झोपली.

दुसरा दिवस उजाडला. दुपार झाली. आजींनी ताट वाढलं. आजोबांनी पुन्हा सरकवलं. सर्रर्र! पुन्हा घास नाही! चिंगीचं पोट म्हणालं, गुडगुड गुडगुड.

चिंगी गेली तुरुतुरु तुरुतुरु. आजोबांपाशी आली.

"आजोबा, आजोबा, जेवा ना!
माझा घास मिळेना!"

आजोबा म्हणाले, "मी नाही जेवणार! आमटी रुचेल तर मी जेवीन."

चिंगीने डोकं खाजवलं. हात्तिच्या! सोप्पं आहे! ती धावली मिठाच्या राशीकडे. एक खडा उचलला. तोंडात धरला. आली ऐटीत घरी.

आजींनी बघितलं. "अगं अगं अगं! टाक तो खडा! त्यांचे पाय बघ! मीठ खाऊन खाऊन भोपळे झालेत नुसते!"

चिंगीने पाय बघितले. खरंच की! टम्म! चिंगीला वाईट वाटलं. तिने खडा टाकला. थू!

आता काय करायचं? चिंगी गेली तुरुतुरु तुरुतुरु. चुलीपाशी आली. आमटी शिजत होती, रटरट रटरट.

"आमटीबाई, आमटीबाई, रुचा ना!
आजोबा जेवेनात,
माझा घास मिळेना!"

आमटी म्हणाली, "मी नाही रुचणार! माझ्यात आहे काय? डाळ आणि पाणी, पाणी आणि डाळ. लसूण तडतडेल तर मी रुचेन."

चिंगी गेली तुरुतुरु तुरुतुरु. खुंटीपाशी आली. खुंटीला लसूण टांगलेला. वाऱ्याने हलत होता, खुळखुळ खुळखुळ.

"लसूणदादा, लसूणदादा, तडतडा ना!
आमटी रुचेना,
आजोबा जेवेनात,
माझा घास मिळेना!"

लसूण म्हणाला, "शी! कसला वास येतोय?"

चिंगी म्हणाली, "माझा. आणि तुझा रे कसला येतोय?"

लसूण ओशाळला. मग म्हणाला, "मी नाही तडतडणार! मी तिखट. एकटा गेलो तर आजोबा करतील हाऽऽश हूऽऽश! लिंबू पडेल तर मी तडतडेन."

चिंगी गेली तुरुतुरु तुरुतुरु. अंगणात आली. झाडावर लिंबू होतं. पिवळं पिवळं! डोलत होतं, डुगडुग डुगडुग.

"लिंबूताई, लिंबूताई, पडा ना!
लसूण तडतडेना,
आमटी रुचेना,
आजोबा जेवेनात,
माझा घास मिळेना!"

लिंबू म्हणालं, "मी नाही पडणार! मी आंबट. मला एकट्याला खाल्लं तर आजोबा तोंड कसं करतील? अस्सं!"

(करा बघू आंबट तोंड! अजून आंबट! बास, बास.)

"नारळ फुटेल तर मी पडेन."

चिंगी गेली तुरुतुरु तुरुतुरु. पडवीत आली. कोपऱ्यात नारळ बसला होता. मिशाळ, गोल, गुबगुबीत. झोपला होता. घुर्रर्र घुर्रर्र!

चिंगीने टकटक केलं.

"नारळमामा, नारळमामा, फुटा ना!
लिंबू पडेना,
लसूण तडतडेना,
आमटी रुचेना,
आजोबा जेवेनात,
माझा घास मिळेना!"

नारळाने एक डोळा उघडला. दुसरा उघडला. तिसरा उघडला. हो, हो, नारळाला तीन डोळे असतात! नारळ म्हणाला, "मी नाही फुटणार! मी आतून पांढरा. नुसता पांढरा. आजोबा मला बघतील आणि म्हणतील, आलं मीठ, आलं मीठ! आणि मूठभर घालतील! हिरवी कोथिंबीर डुलेल तर मी फुटेन."

आणि पुन्हा झोपला. घुर्रर्र!

चिंगीला आला राग. पण राग खाऊन पोट भरतं का? ती गेली तुरुतुरु तुरुतुरु. घरामागे वाफा होता. वाफ्यात कोथिंबीर होती. पण हे काय? कोथिंबिरीची मान खाली! पानं मलूल!

"कोथिंबीरताई, कोथिंबीरताई, डुला ना!
नारळ फुटेना,
लिंबू पडेना,
लसूण तडतडेना,
आमटी रुचेना,
आजोबा जेवेनात,
माझा घास मिळेना!"

कोथिंबीर बारीक आवाजात म्हणाली, "मी नाही डुलणार. कशी डुलू गं? कालपासून पाण्याचा थेंब नाही. घसा कोरडा पडलाय. तांब्या कलंडेल तर मी डुलेन."

चिंगी गेली तुरुतुरु... नाही, नाही. आता ती दमली. गेली तुर... तुर... तुर... हौदापाशी आली. हौदावर तांब्या होता. पाण्याने भरलेला. डुचूक डुचूक करत होता.

"तांब्याकाका, तांब्याकाका, कलंडा ना!
कोथिंबीर डुलेना,
नारळ फुटेना,
लिंबू पडेना,
लसूण तडतडेना,
आमटी रुचेना,
आजोबा जेवेनात,
माझा घास मिळेना!"

तांब्या म्हणाला, "मी नाही कलंडणार! मला पाय आहेत का? नाहीत. हात आहेत का? नाहीत. रोज मला जोमाआजोबा उचलतात. रोज तेच कोथिंबिरीला पाणी घालतात. कालपासून रुसून बसलेत घरात! आजोबा उठतील तर मी कलंडेन."

काय? आजोबा? परत आजोबाच?

चिंगी मटकन खाली बसली. पोट म्हणालं, गुडगुड गुडगुड गुडगुड. चिंगी उठली. गेली तुर... तुर... तुर... घरात आली. आजोबा तसेच बसलेले. भिंतीकडे तोंड. आजी ताटापाशी बसलेल्या. त्याही जेवल्या नव्हत्या.

"आजोबा, आजोबा, उठा ना!" चिंगी म्हणाली.

आजोबा म्हणाले, "मी आधी जेवणार! मग उठणार!"

चिंगी म्हणाली, "आधी उठा! मग जेवा!"

"आधी जेवणार!"

"आधी उठा!"

"जेवणार!"

"उठा!"

मग चिंगीने घेतला मोठ्ठा श्वास. आणि एका दमात सगळं सांगितलं.

"आजोबा उठेनात,
तांब्या कलंडेना,
कोथिंबीर डुलेना,
नारळ फुटेना,
लिंबू पडेना,
लसूण तडतडेना,
आमटी रुचेना,
आजोबा जेवेनात,
माझा घास मिळेनाऽऽऽ!"

आणि चिंगीला रडू आलं. चिक्... चिक्... चिक्...

आजोबांनी मान वळवली. "काय म्हणालीस? पहिलं कोण?"

"आजोबा."

"आणि शेवटी जेवत नाही तो कोण?"

"आजोबाच."

आजोबांनी चिंगीकडे बघितलं. एवढीशी चिंगी. पोट आत गेलेलं. नाक धुळीने माखलेलं.

"आणि तू कालपासून उपाशी?"

"हो."

आजोबांनी आजींकडे बघितलं. "आणि तू गं?"

आजी म्हणाल्या, "तुम्ही जेवल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरतो का कधी?"

आजोबांना फार फार वाईट वाटलं. कान लाल झाले. "रुसलो मी. आणि उपास घडला सगळ्यांना! मीच तो बावळट!"

आजोबांनी गुडघ्यावर हात टेकले. हं... हं... हंऽऽऽ! आणि...

आजोबा उठले!

गेले हौदापाशी. उचलला तांब्या. तांब्या कलंडला. भुळुक भुळुक भुळुक!

कोथिंबीर पाणी प्यायली. घटाघटा, घटाघटा. मान वर केली. आणि वाऱ्यावर डुलली. डुलुडुलु डुलुडुलु!

नारळाने तीनही डोळे उघडले. "आली का हिरवी? मग मी तयार!" आजींनी नारळ आपटला. फट्‌! नारळ फुटला.

लिंबाने खाली बघितलं. "अरे, सगळे निघाले? थांबा, मी पण!" आणि लिंबू पडलं. टप्‌!

लसूण म्हणाला, "हटा, हटा, मी आलो!" थेट फोडणीत! चर्रर्र! तडतड तडतड तडतड!

आजी म्हणाल्या, "अगंबाई! डॉक्टरबाई मीठ कमी करा म्हणाल्या. लसणाला कुठे नाही म्हणाल्या? लिंबाला कुठे नाही म्हणाल्या? माझंच मेलीचं काहीतरी!"

आमटीत पडला लसूण. पडलं खोबरं. पडला लिंबाचा रस. वर हिरवी हिरवी कोथिंबीर. आणि मीठ? मीठ तेवढंच. चिमूटभर.

वास कसा सुटला! घरभर! अंगणभर! मिठागरापर्यंत! घ्या बघू वास. हंऽऽऽ!

आजोबांनी आमटी बोटाने चाखली.

एकदा चाखली.

दोनदा चाखली.

आजींनी विचारलं, "अळणी का?"

आजोबांनी बोट चाटलं. वाटी पुढे केली. "आणखी वाढ!"

आमटी रुचली! आमटी रुचली!

आजोबा बसले पाटावर. भात कालवला. भूक लागली होती कडकडून! घास उचलला. तोंडापाशी नेला. आता तोंडात टाकणार...

अहो! अहो आजोबा! काय हे? कुणाचा तो?

आजोबांचा हात थांबला. त्यांनी जीभ चावली.

"अरेच्चा! भुकेपायी विसरलोच होतो की!"

घास खाली आला. ताटाबाहेर ठेवला.

"हा घे चिंगे, आजचा."

मग आणखी एक घास कालवला. जरा मोठाच. वर खोबरं ठेवलं. तोही ताटाबाहेर ठेवला.

"आणि हा कालचा."

चिंगी आली तुरुतुरु तुरुतुरु. आजोबा थांबले. आजी थांबल्या. दोघांची ताटं वाढलेली, तरी दोघं थांबले. चिंगीने एक घास खाल्ला. मटामट! दुसरा उचलला.

आजोबांनी वाकून विचारलं, "काय गं चिंगे, अळणी लागतंय का?"

चिंगी काही बोलली नाही. कशी बोलणार? तिच्या तोंडात घास होता!