सावरीची गादी

“...मग अजून काय शिकायचं ऱ्हायलंय माझं, ते तरी सांगा चाचा!”

महिपतीचा आवाज चढला होता.

तासगावच्या पेठेत दस्तगीर नदाफ कापूस पिंजून गाद्या भरत. महिपती त्यांचा सात वर्षांचा चेला. त्याला स्वतःचं दुकान टाकायचं होतं, आणि उस्तादाने ‘जा’ म्हटल्याशिवाय चेल्याने वेगळं पिंजण लावायचं नाही, हा पेठेचा रिवाज.

सकाळी चाचा तारूबाई माळणीच्या घरी जाऊन आले होते. तेव्हापासून त्यांच्या कपाळावरची शीर उतरली नव्हती.

“गादी, लोड, दुलई, वाकळ... डोळं झाकून करतो. बाळंतिणीला कसली, पाव्हण्याला कसली, समदं पाठ हाय.”

“आजाऱ्याला?”

“सावरीची! लोण्यावानी मऊ. तारूबाईच्या मालकाला पंधरा दिसांमागं तीच दिली. ती बाई जुन्यासारखी टणकच मागत हुती. म्हटलं, लकवा झालेल्या माणसाला काय दगडावर निजवतीस?”

दुसऱ्याच्या दुखण्यावर शहाणपण पाजळायला माणसाला काही लागत नाही.

चाचांनी तसलीच एक गादी उलगडली. “नीज.”

महिपती हसत आडवा झाला. चाचांनी सुतळीने त्याचा उजवा हात अंगाशी आवळून गाठ पाठीमागे मारली. उजव्या पायाला तराजूचं दहा किलोचं वजन बांधलं.

“आता कूस बदल.”

महिपतीने डावा हात टेकला. तो कोपरापर्यंत रुतला. पुन्हा टेकला, पुन्हा रुतला...

“बरं, कळलं. सोडा.”

चाचांनी बाहेरून कडी घातली आणि ते दुपारच्या नमाजाला गेले.

महिपती ओरडला. दाराला, सुतळीला, म्हाताऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. पाठीखाली घाम साचला, कंबर ठणकू लागली. संतापाने त्याला रडू आलं.

चाचा तिसऱ्या प्रहरी परतले. तोवर शिव्या संपल्या होत्या.

“चाचा... एका कुशीवर करा हो मला.”

चाचांनी त्याला वळवलं.

“टणक गादीवर तारूबाईचा मालक डाव्या हातानं रेटा देऊन वळत हुता. एकटा. कुणाला हाक न मारता. तेवढंच उरलं हुतं त्याच्याजवळ... तू तेबी काढून घेतलंस. पडून पडून पाठ फुटलीय त्याची, जखमा झाल्यात.”

सुतळी सुटल्यावरही महिपतीला मान वर करवेना.

बऱ्याच वेळाने तो उठला. धडपडत जुन्या कापसाच्या गाठोड्याकडे गेला.

“आत्ता भरतो टणक गादी. दुकानाचं ऱ्हाऊ द्या, चाचा. आजच्या आज पोचवतो.”

चाचांनी गाठोडं त्याच्या हातातून हिसकावलं.

“गादी मी भरीन,” ते गरजले. “तू तिथं जा, रातभर त्याची कूस बदल. पंधरा दिस झालं, ती बाई झोपलेली न्हाई.”