पिंडीवरची गळती

"मग माझ्या व्रतात उणं काय राहिलं, तेवढं सांगा ना, बुवा!"

माणिकबाईंनी हातातली झाकणाची टोपली देवळाच्या मंडपात टेकवली. टोपलीत रावजी होता. त्यांचा म्हातारा बोका.

निर्मळगिरी बुवा गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बेल निवडत बसले होते. किडकं पान बाजूला, अख्खं पान परडीत. मान वर न करता ते म्हणाले,

"उणं कशाला राहील? संकल्प मीच सोडला होता की."

"तेच म्हणते मी. सोळा सोमवारांतला एक मोडला नाही. मिठाचा कण तोंडात घेतला नाही. आमच्या जाऊबाई उपासाला बटाट्याच्या चिवड्यावर ताव मारतात, अन् देव त्यांना नातू देतो!"

"हो, पेढे गोड होते."

"आणि माझा रावजी..."

त्यांनी टोपलीच्या झाकणावर हात ठेवला.

रावजीची मूत्रपिंडं थकली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे दुखणं आता जायचं नाही. पण रोज कातडीखाली सलाईन दिलंत, तर गडी तग धरेल. तेव्हापासून घरातली पूजा आटोपली की खिडकीच्या गजाला बाटली टांगायची. यजमानांनी रावजीला मांडीवर घ्यायचं. आणि सुई माणिकबाईंनी टोचायची.

"उद्यापनाचे गहू दळून ठेवलेत, बुवा. पण तो बरा झालाच नाही. फळ नाही, तर उद्यापन कशाचं करू? रोज त्या मुक्या जिवाला टोचायचं... पाप वाटतं हो."

त्यांनी पदरानं डोळे टिपले. मग मान ताठ केली.

"आजपासून सलाईन बंद. सकाळचं दिलंच नाही मी. रावजीला इथं देवाच्या पायाशी ठेवून जाते. माझ्याकडून मी सगळं केलं. आता राखायचं तर त्यानं राखावं."

बुवांनी हातातलं पान परडीत ठेवलं.

"ठेव," ते म्हणाले.

आणि उठून गाभाऱ्यात गेले.

पिंडीवर तांब्याची गळती टांगलेली होती. तिच्या बुडाच्या भोकात दर्भाची काडी. तिच्यावरून पाणी थेंब थेंब महादेवावर पडत होतं. बुवांनी ती काडी उपसली आणि भोकावर अंगठा दाबून धरला.

टपटप थांबली.

माणिकबाई नवी नवरी असल्यापासून या देवळात येत होत्या. इतकं गप्प देऊळ त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"बुवा... पाणी थांबलं."

"थांबवलं."

"अगंबाई! का?"

"हलाहल प्यायला तेव्हापासून याचा गळा जळतोय. माझ्या गुरूंनी पाणी घातलं, त्यांच्या गुरूंनी घातलं. विझली का आग?"

"नाही, पण..."

"मग फळ कुठं आहे? बंद करून टाकू."

"असं कसं बंद करून टाकायचं? जळत ठेवायचं का त्याला?"

माणिकबाई तरातरा गाभाऱ्यात शिरल्या. बुवांच्या हातातली काडी त्यांनी जवळजवळ हिसकावलीच. त्यांचा अंगठा बाजूला सारून ती भोकात बसवली. थेंब फार भराभर पडू लागले, तशी जराशी वर सारली. मग एक थेंब... जरा दम... दुसरा थेंब.



बुवा बघत होते.

"हात चांगला बसलाय गं. कुठं शिकलीस?"

"रावजीच्या बाटलीवर..."



रावजी दिवाळी बघेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. आता अंगणातल्या आंब्याला मोहोर आला होता, आणि रावजी त्याच्याखाली उन्हात पसरून चिमण्यांवर डोळे वटारत होता. सकाळी चहा होईस्तोवर तोंड न उघडणारे यजमान हल्ली बाटलीखाली बसून विचारत, "काय रावजी, झाला का अभिषेक?" कालच, सुई काढल्यावर, रावजीनं माणिकबाईंच्याच हातावर हनुवटी टेकली होती. ज्या हातानं टोचलं होतं, त्याच हातावर. आणि तिथंच घुरघुरत झोपला होता.

मंडपातून एक खरखरीत, रागावलेलं "म्यांव" आलं.

माणिकबाई दचकल्या. लगबगीनं जाऊन त्यांनी टोपली उचलली, छातीशी धरली.

"निघालीस? ठेवून जाणार होतीस ना?"

"त्याची वेळ टळून गेली, बुवा. बाटली लावायचीय."

"आणि उद्यापन?"

"या सोमवारी. चुरमा घेऊनच येते." त्यांचे डोळे वाहत होते, आणि ओठ हसत होते.

"तूप सढळ घाल. जाऊबाईंसारखं नको."

पायरीवर त्या थबकल्या. मागं वळल्या.

"पण बुवा... फळ काय मिळालं म्हणून सांगू देवाला?"

बुवांनी गळतीकडे पाहिलं.

"पात्र रिकामं होत आलंय. जाण्याआधी एक कळशी आणून ओत."