हलबोरी आणि गाळलेला उकार

एका राज्यात तुंदिलसेन नावाचा राजा होता. खाण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पचवण्याच्या नावाने मात्र आनंद होता. पोटाचा नगारा झाला तेव्हा गोमा वैदिणीने रानातली हलबोरी सुचवली. फळ मोठं गुणाचं. पोट हलकं करी, झोप आणी. पण प्रमाण चुकलं की खाणाऱ्याची जमीन सुटे.

"अनशापोटी गुंजभर," वैदीण म्हणाली. लखमोपंत चिटणिसांनी लिहून घेतलं आणि घाईत उकार गाळला. कुठे गुंजेचं इवलंसं बी, आणि कुठे भाताचा गंज!

राजाने गंजभर हलबोरी खाल्ली. तिसऱ्या ढेकरेला महाराज सिंहासनावरून उठले ते थेट छताला टेकले. तिथूनच हुकूम सुटला, "सूर्यास्ताला चिटणिसाला सुळी द्या!"

राणी रत्नकलेला लखमोपंतांची दया आली. शिवाय वर बघून बघून तिची मान धरली होती. तिने आपल्या पिंजऱ्यातल्या बोलक्या साळुंकीला उतारा विचारला.

साळुंकी म्हणाली, "राणीसाहेब, जे बोलताना महाराजांना जड जाईल, असे तीन बोल त्यांनी बोलावेत. जड बोल खाली आणतो. सूर्य बुडाला, की महाराज जन्मभर वर आणि ताट जन्मभर खाली."

ताटाचं नाव ऐकून राजा हादरला.

"राणीसाहेब, तुमचं बरोबर असतं." महाराज हातभर उतरले.

"शिंप्याने अंगरखे आखूड शिवले नव्हते. मीच फुगलो." महाराज झुंबरापर्यंत आले.

तिसरा बोल काही निघेना. सूर्य डोंगराला टेकला. शिपायांनी लखमोपंतांचे दंड धरले.

पंत वर पाहून म्हणाले, "येतो महाराज. चूक माझीच. नातीला तेवढं सांगा, आजोबा गावाला गेले."

राजा वरूनच ओरडला, "थांबा पंत! वैदीण बोलली तेव्हा मी पडद्याआडच होतो. गुंजभर मीही ऐकलं होतं. पण फळं गोड होती, आणि तुमचा कागद सोयीचा होता."

धप्प! महाराज सिंहासनावर आदळले. सिंहासनाचा पाय मोडला, हलबोरीचा अंमलही मोडला. राजाने पंतांना मिठी मारली आणि सूळ उपटवला. गोमा वैदीण तेव्हापासून औषध स्वतःच्या हाताने तोलून देऊ लागली.

जसे ते महाराज जमिनीवर आले, तसे सगळेच महाराज येवोत.