ठकूआईचं डबकं

सावरटेकच्या ख्रिस्ती वस्तीवर प्रभूचं देऊळ आहे, दगडी भिंतींचं, वर पत्रा घातलेलं. देवळाच्या दारापासून वीसेक पावलांवर एक डबकं आहे. एरवी त्याच्यावर हिरवं शेवाळ साचलेलं असतं आणि म्हशीसुद्धा त्यात उतरत नाहीत. पण सुगीच्या उपकारस्तुतीचा, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा, रविवार जवळ आला की वस्तीतली माणसं त्यात घायपाताची पानं भिजत घालतात. मग आठ-दहा दिवसांत असा वास सुटतो की फाट्यावर एसटीतून उतरणाऱ्यालाही कळतं, सावरटेक आलं. हे डबकं बुजवून टाकावं म्हणून दोनदा मुरमाचे ट्रॅक्टर आले. दोन्ही वेळा वस्तीनं ते चहा पाजून परत पाठवले.

बाहेरून सभेला आलेले पाहुणे विचारतातच, की देवळाच्या तोंडाशी ही घाण कशाला ठेवली. त्यांना उत्तर देतात मार्थाआक्का. आक्का आता ऐंशीच्या पुढे आहेत. देवळाची झाडलोट अजून त्याच करतात. हातातला झाडू भिंतीला टेकवून त्या म्हणतात, "वास नाकाला येतोय, पाव्हणं, गोष्ट कानानं ऐकायचीये. बसा जरा." मग पायरीवरची जागा पदरानं पुसून देतात आणि सांगायला लागतात. मी त्यांच्याकडून बऱ्याच वेळा ऐकली आहे. त्या सांगतात तशीच लिहिते.

फार मागची गोष्ट आहे म्हणे. तेव्हा देऊळ मातीचं होतं आणि वस्तीतली सगळी घरं दोर वळणारी. डोंगराच्या बांधावरून घायपात कापून आणायचं, पानं ठेचून डबक्यात भिजत घालायची, कुजली की बाहेर काढून दगडावर बडवायची. गर निघून जातो आणि पांढरे धागे उरतात, त्याला वाख म्हणतात. वाख वाळवून त्याचे दोर वळायचे. काम वाईट. रसानं हातापायांना खाज सुटते, आणि कुजक्या पानांचा वास अंगाला लागला की चार-चार दिवस जात नाही. त्यामुळे दोरवाली माणसं देवळात येत, पण मागच्या भिंतीला टेकून बसत. तसं कोणी सांगितलं नव्हतं. त्यांची त्यांनाच लाज वाटायची.

त्या वस्तीत ठकूबाई नावाची बाई होती, आता सगळे तिला ठकूआई म्हणतात. नवऱ्याचं नाव किसन. ठकूबाईची दोन लेकरं आधी गेलेली. तिसरा शमुवेल, दोन वर्षांचा. त्याला ती जमिनीवर फारसं ठेवतच नसे. झोपला तर नाकाशी बोट धरून बघायची, श्वास चालू आहे का. जास्त वेळ झोपला तर उठवायची, आणि उठला की रडतो म्हणून घाबरायची. बायका तिला हसत. "ठके, लेकराला झोपू तरी दे गं," असं म्हणत. पण दोन लेकरं पुरलेल्या बाईला काय सांगणार.

एकदा तिनं पानं भिजत घातली आणि त्याच दिवशी शमुवेलला ताप भरला. पाच दिवस उतरेना. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, ठकूबाईनं नवस बोलला. वस्ती नव्यानंच प्रभूत आलेली होती. प्रार्थना करायला शिकली होती, पण मोठं संकट आलं की जुन्या रीतीच तोंडात यायच्या. तिच्या आईनं पूर्वी देवाच्या दारात धरणं धरलेलं तिनं लहानपणी पाहिलं होतं. तेच तिला आठवलं. ती म्हणाली, "प्रभू, माझं लेकरू वाचव. मी सात दिवस तुझ्या दारात बसंन. कामाला हात लावणार नाही, चूल पेटवणार नाही, नुसतं तुझं नाव घेईन." संध्याकाळी शमुवेलला घाम आला आणि ताप उतरला.

शनिवारी उजाडता उजाडता ती लेकराला घेऊन देवळाच्या उंबऱ्याशी येऊन बसली. पानं निघेपर्यंत थांबावं, मग बसावं, असं किसननं सुचवून पाहिलं. तिनं ऐकलं नाही. एक दिवस उशीर केला आणि ताप परत आला तर? शेजारची कोंडाबाई दोन वेळची भाकरी आणून देत होती.

देवळात तेव्हा लाजरस मास्तर उपदेशक होते. शहरात शिकलेले, स्वच्छ धोतर, मनानं चांगले. पण डबक्याजवळून जाताना त्यांचा रुमाल नाकाला लागलेला असे. बाई इतक्या भक्तीनं बसली आहे हे पाहून त्यांना आनंद झाला. रविवारच्या उपासनेत त्यांनी तिचं नाव घेऊन लोकांना सांगितलं, की भक्ती करावी तर अशी.

मंगळवारी, म्हणजे तिच्या बसण्याच्या चौथ्या दिवशी, सकाळी किसन देवळाशी आला. त्या साली वस्तीची विहीर खणणं चाललं होतं आणि किसन रोज दोराला धरून खाली उतरत होता; डबक्यातल्या पानांचा नवा दोर त्याच्यासाठीच वळायचा होता. त्याच्या हातात डबक्यातलं एक पान होतं. त्यानं पान तिच्या गुडघ्याशी ठेवलं आणि उभा राहिला.

ठकूबाईनं पान अंगठ्यानं दाबलं. वरची साल सरकली. पान कधी काढायचं हे असं अंगठ्याला कळतं, आणि वस्तीत ते सगळ्यांत बरोबर तिच्याच अंगठ्याला कळायचं. एक दिवस आधी काढलं तर गर सुटत नाही. एक दिवस उशीर झाला तर धागा कुजतो. दिसायला दोर चांगला होतो, पण वजन पडलं की तुटतो.

"आजच काढायला पायजेत," ती म्हणाली.

"व्हय."

"जुना दोर कसा हाय?"

किसन म्हणाला, मधोमध पीळ सुटलाय, गाठ मारून घेतलीये. "तू बस," तो म्हणाला. "नवसाचं हाय. मी जुन्यावरच उतरतो."

तो पान तिथंच ठेवून विहिरीकडे निघाला.

मांडीवर शमुवेल खेळत होता. ठकूबाई उठली तर नवस मोडणार, आणि दिलेलं लेकरू देव परत नेणार, असं तिला वाटत होतं. नाही उठली तर किसन त्या गाठीच्या दोरावर रोज खाली जाणार. विहिरीचं काम वस्तीनं वाटून घेतलेलं, त्यामुळे पानं काढायला दुसऱ्या कोणाला सवड नव्हती. तिनं मास्तरांना विचारलं, उठू का. मास्तर म्हणाले, "बाई, देवाला शब्द दिला आहे तो पुरा करावा. तीन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे. पानं काय, पुन्हा येतील."

"पानं येतील, मास्तर," ती म्हणाली. "किसन कुठनं येईल?"

एवढं बोलून ठकूबाई उठली. उंबऱ्यावर हात ठेवला आणि देवाशी बोलली. ते शब्द वस्तीतल्या बायकांना आजपर्यंत पाठ आहेत: "प्रभू, मी उठते. रागावलास तर माझ्यावर रागव, लेकराकडं बघू नको. राहिलेले दिवस मी तिकडं भरते, त्या पाण्यात. तिथं दुसरं काही न्हाई, माझं काम हाय. तुला चालत असंल तर तेच घे."

तिनं किसनला हाक मारून माघारी बोलावलं, नवा दोर होईस्तोवर विहिरीत पाय टाकायचा नाही, वरूनच माती ओढायची म्हणून शपथ घातली. डबक्याकाठच्या बाभळीला झोळी बांधून शमुवेलला त्यात ठेवलं आणि लुगडं खोचून पाण्यात उतरली. पानं काढायची, दगडावर टाकायची, लाकडी मोगरीनं बडवायची. प्रत्येक घावाला म्हणायची, "प्रभू, घे." घाव, आणि "प्रभू, घे." दुसरी प्रार्थना करायला तिच्याजवळ दम नव्हता.

दिवस मावळायच्या सुमाराला ती झोळीजवळ आली. शमुवेलच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला.

ताप परत आला होता. कोंडाबाई पाणी भरायला आली होती, तिनंही हात लावून पाहिलं. तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, देवाला बोललेलं मोडून कुणाचं भलं झालंय का?" बोलल्यावर तिला वाईट वाटलं, पण शब्द बोलून झाला होता.

ठकूबाईनं लेकराला उचललं आणि देवळाकडे पळाली. अंगावरून ते कुजकं पाणी निथळत होतं. मास्तर दारातच उभे होते. ती म्हणाली, "मास्तर, माझी जागा मला द्या. मी परत बसते. पहिल्यापासून सात दिवस बसते."

मास्तर मग म्हणाले, "सकाळी मी तुला चुकीचं सांगितलं, बाई. दिवसभर मी आत प्रार्थनेला बसलो होतो. एक शब्द फुटला नाही. तुझा आवाज येत होता तेवढीच प्रार्थना आज या देवळात झाली."

"मग ह्याला ताप का आला?"

"ते मला माहीत नाही," मास्तर म्हणाले. "पण तू काम केलंस म्हणून नाही आला. लेकरू ओलीस ठेवणारा देव मी तुला शिकवला असेल, तर माझ्याकडून मोठा अपराध झाला."

आक्का इथं म्हणतात, देवळात पुष्कळ उपदेश झाले, पण उपदेशकानं माहीत नाही म्हटलेलं वस्तीनं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मास्तरांनी पायातल्या वहाणा काढल्या. धोतर वर खोचलं आणि ठकूबाईच्या आधी जाऊन डबक्यात उतरले. अर्धी पानं अजून पाण्यातच होती. त्यांना मोगरी नीट धरता येत नव्हती, पहिले दोन घाव दगडावरच बसले. काठावर कोंडाबाई शमुवेलला मांडीवर घेऊन ओल्या फडक्याच्या घड्या कपाळावर ठेवत बसली. अंधार पडायच्या आत शेवटचं पान निघालं. काहीजण सांगतात, त्या वेळी डबक्याच्या पाण्याला मोगऱ्यासारखा वास सुटला होता. आक्कांना हे पटत नाही. त्या म्हणतात, वास होता तसाच होता, फक्त मास्तरांचा रुमाल पाण्यात वाहून गेला आणि त्यांनी तो उचलला नाही.

बुधवारी वाख वाळला. ताप होताच. गुरुवारी दोर वळायला घेतला, आणि ताप होताच. ठकूबाई पीळ देत मागं मागं चालायची, फेरी संपली की लेकराला पाजायची, फडकं बदलायची, पुन्हा पीळ द्यायची. "प्रभू, घे" हे आता ती फडक्यालाही म्हणत होती आणि काढ्यालाही. एकदा तर म्हणे रागानं म्हणाली, "घे, ही माझी भीती पण घे, दुसरं काय देऊ." आक्का सांगतात, तिची भीती काही गेली नाही. भीत भीतच तिनं दोर पुरा केला. शुक्रवारी, सातव्या दिवशी, शेवटची गाठ मारताना दोर तिला जड लागला. वळून पाहिलं तर शमुवेल झोळीतून उतरून दोराचं टोक ओढत होता आणि भाकरी मागत होता.

शनिवारी किसन आणि आणखी दोघं नव्या दोरावरून एकेक करून विहिरीत उतरले. दुपारी विहिरीची एक बाजू ढासळली. वरच्या माणसांनी ओढलं, आणि एका दोराला तीन माणसं लोंबकळत वर आली. एका माणसाच्या वजनाला वळलेला दोर होता तो. त्याचा एक धागा तुटला नाही, असं सांगतात.

रविवारी ठकूबाई देवळात आली ती मागच्या भिंतीलाही बसली नाही. दाराबाहेरच उभी राहिली. लेकरू बरं झालं, नवरा वाचला, तरी नवस अर्धाच भरला हे तिच्या मनातून जाईना. मास्तर दारापर्यंत आले. तिला हात धरून पुढं नेता येईना, तसा रिवाज त्या काळी नव्हता, म्हणून त्यांनी शमुवेलला कडेवर घेतलं आणि पुढं चालायला लागले. लेकरू गेलं तशी आई मागोमाग गेली. सगळ्या मंडळीसमोर मास्तरांनी विचारलं, "ठकूबाई, या सात दिवसांत काय केलंस?"

ती खाली बघून म्हणाली, "तीन दिवस बसले. मंग पानं काढली. बडवली. दोर वळला. लेकराला ताप होता, त्याचं केलं. एवढंच झालं."

मास्तरांनी तिचे काळे पडलेले, खाजेनं फुटलेले हात सगळ्यांना दिसतील असे वर धरायला सांगितले आणि म्हणाले, "प्रभूनं घेतलं." मंडळी पण म्हणाली, "प्रभूनं घेतलं." मग ते प्रभुभोजनाची भाकर मोडायला मेजाकडे वळले. पण त्याआधी बाहेर जाऊन डबक्यात हात बुडवून आले.

आता सावरटेकात दोर कोणी वळत नाही. नायलॉनचा दोर बाजारात मिळतो. आजही उपकारस्तुतीच्या रविवारी देवळाचे पाळकसाहेब त्या वासाच्या पाण्यात हात बुडवतात आणि त्याच हातांनी प्रभुभोजनाची भाकर मोडतात. नवीन पाळक आले की पहिल्या वर्षी त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं. आणि बाकीच्या रविवारी दान गोळा करायच्या आधी ते मंडळीला विचारतात, आठवड्यात काय केलं. माणसं बसल्या जागेवरून सांगतात. कोणी कांदे निंदले, कोणी शेळीचं बाळंतपण केलं, कोणी टेम्पो चालवला. प्रत्येकाला सगळे मिळून उत्तर देतात.

मागच्या रविवारी वैरागरांची धाकटी सून पहिल्यांदाच तान्ह्याला घेऊन आली होती. तिची सांगायची पाळी आली तेव्हा तिनं तान्ह्याला छातीशी धरलं. मग म्हणाली, "काहीच केलं नाही. हा खाली ठेवूच देत नाही. नुसती घेऊन बसले होते."

मार्थाआक्का मागं दाराशी बसल्या होत्या. सगळ्यांच्या आधी त्यांचाच आवाज आला.

"प्रभूनं घेतलं, बाई."