लाल मोटारीची किंमत

सागाच्या एका दाट जंगलात एक बिबट्या राहत असे. जंगलाचा कारभार त्याच्याकडे होता आणि त्याला मिरवण्याची भारी हौस. एकदा एका कोल्ह्याने शहरातून शर्यतीची एक लाल मोटार आणली. बसायला जागा दोनच, अंग बुटके, वेग वाऱ्यासारखा. कोल्हा म्हणाला, "सरकार, दोन वर्षं तुमच्या शिकारीतला अर्धा वाटा द्या आणि घेऊन टाका. अशी ऐट तुम्हालाच शोभेल." बिबट्याची नजर मोटारीवरून हलेना.

त्या जंगलात एक चांगली रीत होती. नवी वस्तू घेण्याआधी म्हाताऱ्या गव्याने ती सर्वांसमोर पारखायची आणि किंमत रास्त आहे की नाही ते सांगायचे. गव्याने चाके हुंगली, दारे उघडून पाहिली, मोटारीला शिंगाने हलकेच ढुसणी दिली. मग म्हणाला, "वस्तू अस्सल आहे. अर्धा वाटा जास्त नाही." बिबट्या खूश झाला. म्हणाला, "झाडांतून ही पळायची नाही. उद्यापासून मी माळावर पळवीन."

तोच एक टिटवी पुढे आली. ती संतापली होती. "गवाआजोबा, तुम्ही चाकं पाहिलीत. चाकांखाली काय येणार ते पाहिलंत? त्या माळावर माझी चार अंडी आहेत."

"मग उचल आणि दुसरीकडे ठेव," बिबट्या म्हणाला.

"अंडी काय जांभळं आहेत, चोचीत धरून न्यायला?"

कोल्हा हसला. "बाई, सगळी पाखरं घरटी बांधतात. तू उघड्यावर खड्यांत अंडी घालणार आणि दोष मोटारीला देणार होय?"

"माझ्या आईनं तिथंच घातली, तिच्या आईनंही तिथंच. माळ तेव्हापासून आमचा आहे. तुझी मोटार काल आली."

मुलांनो, तिथे हत्ती होता, अस्वल होते, रानडुकरांचा अख्खा कळप होता. टिटवीचे म्हणणे खरे आहे हे सगळ्यांना कळत होते. तरी एकही तोंड उघडले नाही. बिबट्याच म्हणाला, "जंगलाची शान वाढायची तर कुणाला तरी थोडी तोशीस पडणारच."

आता गव्याने मान वर केली. आपण निम्मीच किंमत मोजली, याची त्याला लाज वाटत होती. तो म्हणाला, "बरोबर आहे. मग ती तोशीस तूच सोस. तुझ्या गुहेपुढं सपाट अंगण आहे. मोटार तिथं पळव."

"तिथं?" बिबट्या चटकन बोलून गेला, "तिथं कशी पळवू? तिथं माझी पिल्लं खेळतात."

बिबट्याने टिटवीकडे पाहिले आणि लगेच मान खाली घातली.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" गवा म्हणाला. "मी मघाशी चुकलो. मोटार फार महाग आहे."

सौदा मोडला. कोल्हा मोटारीत बसून दुसऱ्या जंगलाच्या वाटेला लागला. तो मुळीच निराश झाला नव्हता. जिथे टिटवीला कोणी विचारत नाही, अशी जंगले पुष्कळ आहेत, हे त्याला ठाऊक होते.

तात्पर्य : वस्तूची खरी किंमत ती घेणाऱ्याला विचारून कळत नाही, तिच्या चाकांखाली जो येणार, त्याला विचारावी.