चिखलात जिंकलेली चाकं

सह्याद्रीच्या माथ्यावर, ढगांच्या शेजारी, खांबटाके नावाचं गाव होतं. तिथे भिकू कोकरे नावाचा जीपवाला राहत होता. जीप दणकट होती, चारही चाकांनी ओढणारी. आणि मालकाचा आवाज तिच्या इंजिनाहून मोठा.

या गावाला पिढ्यानपिढ्या चिखलाने छळलं होतं. पावसाळ्यात गाड्या रुतायच्या आणि माणसं अर्ध्या वाटेवरून घरी परतायची. त्यामुळे गाडी चांगली की वाईट, हे खांबटाक्यात एकाच गोष्टीवर ठरायचं: ती चिखलातून निघते की नाही. आता घाटातून खालच्या बाजाराच्या गावापर्यंत डांबरी रस्ता झाला होता. पण डांबर नवं होतं आणि गावाची सवय जुनी.

त्या पावसाळ्यात भिकूने जीपला नवे टायर घातले. खास चिखलाचे. मोठमोठे रबरी ठोकळे आणि ठोकळ्यांमध्ये रुंद खाचा. पोरंटोरं हात लावून बघायची. गावात दुसरी जीप होती येसू जंगमची. तिचे टायर ऑल-टेरेन, म्हणजे थोडे चिखलाचे, थोडे रस्त्याचे. नक्षी दाट, दिसायला अगदीच साधे.

कोणाचे टायर भारी, यावर चहाच्या टपरीवर वाद पेटला. शेवटी ठरलं, देवळामागच्या चढावर दोन्ही जीपा चालवून बघू.

येसू म्हणाला, "चिखलात बघा, पण वल्या डांबरावरबी बघा की."

भिकू हसला. "डांबरावर काय बघायचं? तितं हातगाडीबी पळती!"

सगळे खो खो हसले आणि येसूचं म्हणणं तिथेच विरलं.

चढावर येसूची जीप निम्म्यात अडकली. चाकं जागच्या जागी फिरत राहिली. भिकूची जीप मात्र चिखल उडवत सरळ देवळापाशी जाऊन उभी राहिली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, गळ्यात झेंडूचा हार घातला. भिकूला आभाळ ठेंगणं झालं.

घरी परतताना तो एकटाच होता. भुरभुर पाऊस होता. शाळेजवळच्या डांबरी वळणावर त्याने ब्रेक दाबला आणि जीप थांबलीच नाही. ओल्या फरशीवर साबणाची वडी सरकावी तशी ती आडवी सरकली आणि बांधाला टेकून उभी राहिली. खाचा एवढ्या रुंद, म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर थोडंच, हे त्याला त्या क्षणी कळलं. त्याने आधी काय केलं असेल? आजूबाजूला पाहिलं. कोणी बघितलं नव्हतं. मग त्याने स्वतःची समजूत घातली की टायर नवे आहेत, चार दिवसांत बसतील.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सगळं गाव भिकूच्या जीपवर तुटून पडलं. येसूकडे कोणी फिरकेना. भिकूची बायको सगुणा आणि तिची म्हातारी आत्या बाळाई मागच्या बाकावर बसल्या. त्यांच्याशेजारी आणखी पाच बायका दाटीवाटीने कोंबल्या गेल्या. पुढे, भिकूच्या बाजूला, गावातला बोलघेवडा दत्तोबा बसला. घाटात धुकं उतरलं होतं आणि रस्ता पाण्याने चकाकत होता. भिकूने देवाचं नाव घेतलं. एरवी तो कधी घेत नसे.

पहिल्याच वळणावर जीपचं मागचं अंग दरीकडे घसरलं. संपलं सगळं, असं भिकूला वाटलं. मग चाकांनी कशीबशी पकड घेतली आणि गाडी सरळ झाली. आणि मागून टाळ्या वाजल्या!

"वा रं पठ्ठ्या!" दत्तोबा ओरडला. "आजून एक दाव की!"

भिकूने ही करामत मुद्दाम केली, असंच सगळ्यांना वाटलं. भिकूही हसला. त्याच्या तोंडाला कोरड पडली होती, पण ते कोणाला दिसणार? दुसऱ्या वळणावर त्याने गाडी अगदी हळू घेतली, तरी ती घसरलीच. मागचं चाक कडेच्या पांढऱ्या दगडाला घासलं. या वेळी टाळ्या आणखी जोरात पडल्या. त्या टाळ्यांचीच आता त्याला भीती वाटू लागली.

पुढे कातळकड्याचं वळण होतं. तिथे उतार तीव्र, रस्ता अरुंद, कठडा अर्धा ढासळलेला. पलीकडे दरी होती आणि धुक्यामुळे तिचा तळ दिसत नव्हता. खरं सांगावं, तर कालचा हार आज मातीत जाणार. न सांगावं, तर? त्याने आरशात पाहिलं. सगुणा आत्याचा हात धरून हसत होती. नवऱ्याचा तिला फार अभिमान वाटत होता.

भिकूने वळणाच्या अलीकडे जीप कशीबशी थांबवली.

"उतरा समद्यांनी," तो म्हणाला. "टायर धरंनात. मला भ्या वाटतंय."

मग हशा पिकला.

"काल हार घातला त्यो ह्याच्याच गळ्यात का?" दत्तोबा म्हणाला.

सगुणा शरमेने लाल झाली. "अवं, चार माणसांत आसं काय बोलताय!"

"आन् मी पावसात चालू व्हय?" आत्या कुरकुरली.

"आत्या, पाया पडतो तुमच्या," भिकू म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "पण उतरा."

तो आवाज ऐकून हसणारे गप्प झाले. सगळे उतरले, कोणी पुटपुटत, कोणी तोंड वाकडं करून. जीप तिथेच सोडावी, तर मागून येणारी गाडी धुक्यात तिच्यावर आदळली असती. भिकू एकटाच ती पुढे घेऊन निघाला, माणूस चालेल इतक्या हळू.

वळणावर त्याने ब्रेक दाबला. मागची चाकं सुटली, ती सुटलीच. जीप फिरली आणि पाठीकडून कठड्यावर आदळली. दगड निखळून दरीत गेले. ते खाली पडल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

भिकू रांगत बाहेर आला. लोक धावत पोचले आणि जागीच थिजले. जीपची पुढची चाकं रस्त्यावर होती, पोट कठड्यावर टेकलं होतं आणि मागचं अंग अधांतरी लोंबत होतं. मागचा बाक दरीच्या वर झुलत होता. वारा आला की करकर वाजायचं. त्या बाकावर सात बायका बसल्या असत्या, तर जीप कठड्यावर राहिली असती का? दत्तोबाने टोपी काढून हातात घेतली. बाळाई आत्या ओल्या रस्त्यावरच मटकन बसली.

तेवढ्यात येसूची जीप आली आणि वळणाच्या अलीकडे गपकन उभी राहिली. सगळ्यांची नजर तिच्या चाकांवर गेली. येसूने दोर काढला आणि भिकूच्या जीपला बांधायला लागला.

सगुणा त्या लोंबणाऱ्या बाकाकडे बघत उभी होती. मग ती भिकूजवळ आली आणि तिने त्याचा दंड घट्ट धरला.

"अवं," ती म्हणाली, "तुम्ही भ्यालात, ते लई बरं झालं."

भिकू खाली बसला आणि सगळ्या गावादेखत ढसाढसा रडला.

तात्पर्य: आपण जिथे जिंकतो तेवढ्याच वाटेवर आपली परीक्षा घेऊ नये, आणि दुसऱ्यांचे जीव आपल्या हाती असताना भीती वाटली, तर ती लाजेपोटी लपवू नये, वेळेवर बोलून दाखवावी.